पप्पा बरे होत नाहीत, मग देवावर भरवसा कसा ठेवायचा?

जय ख्रिस्त. तुझा प्रश्न मोठा आहे आणि तू एका दमात सगळं लिहिलायस, त्यामुळं मला काय कळलं ते आधी थोडक्यात लिहिते, काही चुकलं तर सांग. तू सव्वीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. ख्रिस्ती घरातच जन्मलास, संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची गाणी सगळं झालंय. पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तू कामावरून आल्यावर रोज प्रार्थनेला बसतोस, एक वेळ जेवून उपास धरलायस, पण गुडघे टेकले की आत काहीच हलत नाही, पलीकडं कोण ऐकतंय असं वाटत नाही. त्यात एका प्रार्थनासभेत कोणीतरी सांगितलं की तुझाच विश्वास कमी पडतोय म्हणून पप्पांना गुण येत नाही, आणि खरा विश्वास असेल तर डायलिसिस बंद करून दाखवा. पुण्यातला भाऊ पैसे पाठवत नाही, त्याच्याशी बोलणं बंद आहे, हे तू एका ओळीत लिहून पुढं गेलास. आणि शेवटी विचारलंस, देवावर पूर्ण भरवसा कसा ठेवू, आणि त्याच्याशी नातं खोल कसं होईल.

मी पाळक नाही. बरीच वर्षं दवाखान्यात नर्स होते, शेवटी शेवटी किडनीच्या पेशंटांकडंच ड्युटी असायची, आणि रिटायर झाल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीसाठी घरभेटी करते, आजारी माणसाजवळ जाऊन बसते, वचन वाचते, प्रार्थना करते. त्यामुळं मी जे सांगते ते पलंगाशेजारी बसून शिकलेलं आहे. वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

सगळ्यात आधी डायलिसिस. बंद करायचं नाही, एकही पाळी चुकवायची नाही. किडनी काम करत नसताना डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरलं की माणसाला आडवं पडता येत नाही, धाप लागते. आणि रक्तातलं पोटॅशियम चढत जातं, ते वरून दिसतसुद्धा नाही आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. पेशंट उठून बसलेला असतो, चांगलं बोलत असतो, आणि हातातून जातो. प्रार्थनेच्या नावाखाली डायलिसिस सोडून, मग मध्यरात्री धाप लागलेल्या अवस्थेत आणलेली माणसं मी बघितलीत, म्हणून हे इतकं ठासून सांगते. ज्यानं तुला असं सांगितलं त्याचा हेतू चांगला असेलही, पण हे सांगायचा अधिकार त्याला नाही.

आणि पवित्र शास्त्रही असं सांगत नाही. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्यानं भिंतीकडं तोंड करून रडून प्रार्थना केली, आणि देवानं यशया संदेष्ट्याला अर्ध्या वाटेतनं माघारी पाठवलं की जा, त्याला सांग, ऐकलं मी, पंधरा वर्षं आयुष्य वाढवलं. एवढा स्पष्ट शब्द मिळाल्यावर यशया काय म्हणाला? अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. २ राजे विसावा अध्याय काढून बघ. प्रेषित पौल त्याच्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, आणि पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य. आपल्या शेजारी मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेसनी १८९४ साली दवाखाना सुरू केला तो काय प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून? मी ज्या थिएटरात काम केलं तिथं सगळे हात धुवून उभे राहिले की आधी डॉक्टर प्रार्थना करायचे आणि मग भूल दिली जायची, आम्हाला त्यात कधी विसंगती वाटली नाही.

जाता जाता पैशाचंही सांगते कारण ते ओझं पण तुझ्याच डोक्यावर दिसतंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. रेशनकार्ड, आधार आणि पप्पांचे रिपोर्ट घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा आणि योजनेच्या खिडकीवर विचार. डॉक्टरांना ट्रान्सप्लांटविषयीही सरळ विचार, पप्पांचं वय आणि बाकीची तब्येत बघून ते सांगतील. ही धावपळ केली म्हणजे भरवसा कमी झाला असं मनात आणू नको.

आता "विश्वास कमी पडतोय" हे जे तुझ्या मनात रुतून बसलंय त्याकडं वळू. मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाची गोष्ट आहे, चौघं जण त्याला बाज धरून आणतात, दारात गर्दी, मग छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास बघितला. आणणाऱ्यांचा. बाजेवर पडलेला माणूस त्या वेळी काय विचार करत होता, त्याला किती खात्री होती, मार्क एक अक्षर लिहीत नाही. नवव्या अध्यायात एक बाप आहे, पोराला फेफरं येतंय, तो येशूला म्हणतो मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा. एकाच वाक्यात दोन्ही, आणि येशूनं त्याला आधी घरी जा, विश्वास पक्का करून ये, असं सांगितलं नाही, पोराला बरं केलं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे असं प्रभू म्हणतो, म्हणजे मोजमाप करायचं कामच त्यानं आपल्याकडून काढून घेतलंय. आणि तू काय करायलायस, जुलै महिन्यात आपण कोल्हापूरकर जसं दर तासाला मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका, तसं तू रोज रात्री स्वतःच्या विश्वासाची पातळी बघत बसलायस. त्या वेळात तुझं लक्ष देवाकडं नसतंच, स्वतःकडंच असतं, मग पलीकडं कोणी नाही असं वाटणारच.

इथं काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या मोकळेपणानं सांगते. "काहीच वाटत नाही" याची कारणं वेगवेगळी असतात. एक म्हणजे निव्वळ थकवा, फाउंड्रीच्या भट्टीपुढं शिफ्ट करून, एक वेळ जेवून, दवाखान्याच्या फेऱ्या मारून रात्री अकराला गुडघ्यावर बसलास तर शरीर साथ देणार कुठून. दुसरं म्हणजे मनाचा आजार, हा ख्रिस्ती माणसालाही होतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगायचा कंटाळा आलाय असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यायचा विचार येत असेल तर आजच्या आज लाव. तिसरं म्हणजे आत दाबून ठेवलेला राग. तुझ्या लिहिण्यावरून मला पहिलं आणि तिसरं जास्त वाटतंय, पण मी तुला बघितलेलं नाही, तू स्वतः ताडून बघ.

उपास सोड बाबा, हे मी नर्स म्हणून पण सांगते आणि विश्वासी म्हणून पण. एलीया संदेष्ट्याचं बघ, १ राजे एकोणिसावा अध्याय, तो रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो पुरे आता, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूतानं उठवून सांगितलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवलेला. खाल्लं, प्याला, परत झोपला. परत उठवून खायला घातलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. उपास ही चांगली गोष्ट आहे, पण ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्यानं गरम कामाच्या जागी चक्कर येऊन पडेपर्यंत धरायची ती गोष्ट नव्हे.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न तू लिहिलेलाच नाहीस. तू लिहिलंस पूर्ण भरवसा कसा ठेवू, पण सगळ्या ओळींच्या खाली मला एकच दिसतंय: पप्पा बरे नाही झाले तर काय? तर देव माझा राहील का, आणि मी त्याचा राहीन का? हे बोलायची तुला भीती वाटते, कारण असं मनात आलं म्हणजेच विश्वास ढळला असं कोणीतरी शिकवलंय. मी तर म्हणते हा प्रश्न देवासमोर मोठ्यानं विचारल्याशिवाय नातं पुढं सरकतच नाही. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात ते तिघं राजापुढं काय म्हणतात आठवतंय ना, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, सोडवील, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. त्यांना निकाल माहीत नव्हता. देव कोण आहे ते माहीत होतं, तेवढ्यावर ते उभे होते. निकालाची खात्री असणं आणि देवाविषयी खात्री असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुला सभेत जी शिकवली ती पहिली होती.

आपल्याकडं हवेतच नवस आहे, आजूबाजूला सगळे मोठ्या श्रद्धेनं करतात, आणि आपण ख्रिस्ती लोक नवस म्हणत नाही पण करतो तेच, प्रभू पप्पांना बरं कर, मी दर रविवारी न चुकता येईन, दशांश देईन, अमुक दिवस उपास धरीन. मी हे दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय, आणि माणूस घाबरलेला असतो, त्याला काय बोलायचं. पण असा सौदा चालू असला की प्रार्थना केली की आपण हिशोब बघतो, मी माझं दिलं, त्याचं आलं का. त्या हिशोबात देवाचा चेहरा दिसत नाही. देवानं स्वतःचा पुत्र आपण काही द्यायच्या आधीच दिलाय, मग आता त्याला कशाची लाच द्यायची.

मग करायचं काय? एक बाई सांगते, नाव नाही सांगत. पन्हाळ्याकडच्या गावातली, ख्रिस्ती घरातली, शेतावर राबणारी. नवरा आयसीयूत, ती बाहेर बाकावर. माझी नाईट होती. संध्याकाळी गावाकडची वडील मंडळी येऊन छान प्रार्थना करून गेलेली, लांबलचक, सगळी वचनं जागच्या जागी. रात्री मी चक्कर मारताना बघितलं तर डबा तसाच, गाठ सोडलेली नाही. म्हटलं मावशी खाल्लं नाही? ती म्हणाली, "सिस्टर, मला त्यांच्यागत प्रार्थना येत न्हाई." मी म्हटलं येत नाही तर नका करू तसली, मनात काय आहे तेच बोला. बराच वेळ गप बसली. मग छताकडं बघून म्हणाली, "देवा, झोपलायस व्हय रं तू? माझा माणूस चाललाय, तुला दिसंना झालंय?" आणि लगेच तोंडावर पदर धरला, मला विचारते, पाप झालं का हो माझ्या हातनं?

मी वॉर्डातलं बायबल आणलं आणि तिला स्तोत्र ४४ चा शेवट वाचून दाखवला, तिथं जवळजवळ हेच आहे, जागा हो प्रभू, का झोपलास. मग मार्कचा चौथा अध्याय. वादळ सुटलंय, नावेत पाणी भरायलंय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्य त्याला उठवून म्हणतात गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच काळजी नाही का? हे काय भक्तीचं बोलणं झालं? पण मार्कमधला क्रम बघ, येशू उठतो, आधी वारा धमकावतो, समुद्राला शांत करतो, आणि मग शिष्यांना विचारतो, का घाबरलात, अजून विश्वास नाही का. आधी वादळ थांबवलं, शिकवणी नंतर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बायबलातबी असंच हाय?" आणि डबा सोडून भाकरी खाल्ली.

तिचा नवरा त्याच आठवड्यात गेला. मी हे लपवणार नाही, कारण तुला गोड गोड साक्ष सांगून काय उपयोग. पण नंतर घरभेटीला गेले तेव्हा तिची संध्याकाळची प्रार्थना ऐकली, अगदी त्याच आवाजात, म्हैस दूध चोरायली, सुनेला ताप आलाय, तुझ्याकडं आलेल्या माझ्या माणसाला सांभाळ, आणि मला लई एकटं वाटतंय. मी मंडळीत बरीच विद्वान माणसं बघितलीत, पण देवाशी इतकं जवळचं बोलणारं माणूस क्वचित. नवरा वाचला असता तरच देव खरा, असं ती कधी बोलली नाही, आणि देवानं असं का केलं याचं उत्तर मिळालं असंही कधी बोलली नाही.

तर तुला पहिलं काम हे, देवाशी खोटं बोलणं बंद कर. राग आला असेल तर आलाय म्हण. काही वाटत नसेल तर तेच म्हण, प्रभू, आज मला तुझ्याविषयी काहीच वाटत नाही, मी फक्त येऊन बसलोय. भीती वाटत असेल तर कशाची ते नाव घेऊन सांग. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ घे, सहाच वचनं आहेत, सुरुवातीला चार वेळा "कोठवर" विचारलंय, मधे मागणं आहे, आणि शेवटी भरवसा. तो शेवट आज तुझ्या तोंडून निघाला नाही तर नको काढू, जिथपर्यंत खरं वाटतं तिथपर्यंत वाच आणि थांब. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

यावर काही लोक म्हणतात की ही कुरकूर झाली, अरण्यात इस्राएल लोकांनी केली तशी, आणि देवाला त्याचा राग आला होता. बरोबर आहे, पण फरक बघ. स्तोत्र १०६ सांगतं ते आपापल्या तंबूत बसून कुरकुरले. देवाच्या पाठीमागं. स्तोत्रकर्ता तेच दुःख घेऊन देवाच्या तोंडासमोर जातो. तू पण आत्तापर्यंत मनातल्या मनात, शिफ्टवरून येताना, दवाखान्याच्या जिन्यात कुरकुरत असणार, आणि प्रार्थनेला बसलास की मात्र धन्यवाद देवा, तुझी कृपा देवा. ते उलटं कर. घरातसुद्धा आपण ज्याच्याशी मोकळं भांडू शकतो तोच जवळचा असतो.

दुसरं, मागणं सोडू नको. "तुझी इच्छा" एवढं म्हणून मोकळं होणं हे भक्तीचं वाटतं, पण कधी कधी ती नुसती निराश व्हायची भीती असते, मागितलंच नाही तर नाही म्हणायला नको. येशूनं पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत आधी मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि मग म्हणाला माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणं होवो. परत परत जाऊन तेच मागितलं. पौलानं अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. या दोघांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? म्हणून पप्पांसाठी रोज स्पष्ट माग, प्रभू माझ्या बापाला बरं कर, आजचं डायलिसिस नीट होऊ दे, बीपी पडू देऊ नको, सुई टोचायला हातावर केलेला फिस्टुला चालू राहू दे. देव चमत्कार करतो असं मी मानते. कधी, कोणासाठी, कसा, हे आपल्या हातात नाही.

तिसरं, नातं खोल व्हायचं तर येशूला बघत बसायला लागतं, म्हणजे शुभवर्तमान वाचायला लागतं. मी घरभेटीत सगळ्यांना मार्कपासून सुरू करायला सांगते, सोळा अध्याय, छोटे छोटे प्रसंग. एका दिवशी एकच प्रसंग. वाचून झालं की दोनच गोष्टी स्वतःला विचार, येशू इथं कसा वागला, आणि आज मी त्या घोळक्यात कुठं उभा असतो. मग त्याच्याशी त्यावरच बोल. काही दिवस कोरडे जातील, जाऊ देत. वेळ मात्र रात्री अकराची ठेवू नको, शिफ्टला जायच्या आधी दहा मिनिटं, चहा घेऊन बस, चालतं. लांब प्रार्थनेपेक्षा रोजची प्रार्थना माणसाला धरून ठेवते हे मी पेशंटांच्यात बघितलंय, ज्यांची सवय आधीपासून होती त्यांना संकटात आधाराला काहीतरी सापडायचं.

तू लिहिलंस की मी जन्मापासून ख्रिस्ती, मग मला देव ओळखीचा का वाटत नाही. पंडिता रमाबाईंचं तुला माहीत असेल. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि स्वतःच्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त अजून सापडला नव्हता, ते उमगायला पुढं आठेक वर्षं गेली. एवढी संस्कृत जाणणारी, शास्त्रं पचवलेली बाई, त्यांना वेळ लागला. आणि शेवटी शेवटी, १९२१ ला, एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही केडगावला बसून त्या मराठी बायबलचं भाषांतर पुरं करत होत्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मनोरमेसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल का? केलीच असणार. त्यामुळं चर्चमध्ये वाढूनही आज तू कोरा बसलायस यानं घाबरून जाऊ नको, तू विचारायला लागलास हेच मला बरं लक्षण वाटतं.

आता भाऊ. तू एका ओळीत उरकलंस पण मला तिथं दुखरं दिसतंय. मत्तयच्या पाचव्यात प्रभू म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तू म्हणशील चूक त्याची आहे. असेल. मी त्याचा हिशोब माफ कर म्हणत नाही, पप्पांच्या खर्चाचं त्याच्याशी स्पष्ट बोललंच पाहिजे, आकडे मांडून, चिडून नव्हे. पण बोलणं सुरू कर. निदान पप्पांच्या तब्येतीचा एक मेसेज पाठव, त्यात पैशाचा उल्लेख नको. माझ्या बघण्यात असं खूपदा आलंय की माणूस म्हणतो देव दूर गेला, आणि चौकशी केली की घरातल्या कोणाशी तरी वर्षानुवर्षं अबोला असतो. सगळ्यांच्या बाबतीत तसंच असतं असं नाही, पण तुझ्या बाबतीत तपासून बघण्यासारखं आहे.

आणि एकट्यानं सगळं ओढू नको. ज्या सभेत तुला दोष दिला तिथं सध्या जाऊ नको, पण मंडळी सोडू नको. तुमच्या पाळकसाहेबांना भेट, त्यांना सभेत काय सांगितलं ते सांग, डायलिसिसच्या दिवशी कोणीतरी पप्पांना आणायला-सोडायला येईल का ते विचार. येशूनं स्वतः गेथशेमानेच्या त्या रात्री पेत्र, याकोब, योहानाला म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण त्यानं मागितलं. तुला प्रार्थना जमत नाही त्या दिवशी दुसऱ्यांनी तुझ्यासाठी करायची असते, तेवढ्यासाठीच तर ते चौघं बाज घेऊन निघाले होते.

थोडक्यात परत: डायलिसिस चालू, उपास बंद, विश्वास मोजणं बंद. पप्पा बरे नाही झाले तर काय हा प्रश्न देवालाच विचारायचा. मागायचं स्पष्ट. सकाळी मार्क. भावाला मेसेज.

एक करून बघ. डायलिसिस चार-चार तास चालतं, त्या वेळात पेशंटला टीव्हीकडं बघण्याशिवाय काही नसतं आणि बहुतेक मुलं बाहेर मोबाईल घेऊन बसतात. युनिटमध्ये आत सोडत असतील तर पुढच्या वेळी पप्पांजवळ स्टूल घेऊन बस, मार्क चौथा अध्याय वाचून दाखव, आणि त्यांना विचार, पप्पा तुम्हाला भीती वाटते का. कदाचित तेही तुझ्यासाठी गप राहात असतील. बीपी उतरल्यासारखं वाटलं, घाम फुटला, पायात गोळे आले तर लगेच सिस्टरला हाक मार, वाचन नंतर. आणि पप्पांचं नुसतं पहिलं नाव मला कळव, आमची बुधवारी संध्याकाळी महिला मंडळाची प्रार्थना असते, तिथं नाव घेऊन प्रार्थना करतो आम्ही, तुझ्यासाठी पण.